पुडीवर न लिहिलेली ओळ

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की माझं डोकं तापतं. घरची मंडळी म्हणतात, आता निवृत्त झालात, जुनं उगाळत बसू नका. पण नोकरी सुटली म्हणून राग सुटत नाही. या प्रकरणातल्या एका माणसावर माझा राग आहे आणि थोडा माझ्या स्वतःवरही आहे, म्हणून तर लिहायला बसलो. नावं कोणाचीच देत नाही. ज्याचं द्यायला हवं होतं तो केव्हाच मेला, आणि ज्या बाईचं द्यावंसं वाटतं तिला ते आवडेल की नाही हे मला ठाऊक नाही.

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. मी शहापूरला फौजदार होतो. ठाणं म्हणजे कौलारू इमारत, पुढे पडवी, एका अंगाला कोठडी आणि दुसऱ्या अंगाला दप्तराची खोली. बायकांसाठी वेगळी कोठडी नव्हती. बाई आरोपी आली की तिला दप्तराच्या खोलीत बसवायचं आणि राखणीला जमादाराच्या बायकोला बोलवायचं, अशी आमची पद्धत. त्या वर्षी पाऊस सरता सरता तापाची साथ आली. लढाईमुळे कोयनेल, म्हणजे तापावरचं क्विनीन, मिळेनासं झालं होतं. सरकारी दवाखाना एक, डॉक्टर एक, आणि गावं थेट डोंगराच्या पोटापर्यंत पसरलेली. अशा वेळी जो कोणी औषध म्हणून पुडी पुढे करील तो देव ठरतो.

असा एक देव आमच्याकडे होता. पूर्वी मुंबईत कुठल्याशा डॉक्टरकडे कंपाउंडर होता, मॅट्रिक झालेला, इंग्रजी वाचणारा. आठवड्याच्या बाजाराला एक दिवस शहापुरात आणि एक दिवस मुरबाडात बसायचा. पांढरं धोतर, पांढरा कोट, बोलणं साखरेसारखं. त्याच्या पुडीने ताप उतरतो अशी ख्याती होती, आणि ती खोटी नव्हती. ताप खरोखरच उतरत असे.

शेणव्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी एक गाव आहे. तिथल्या पोलीस पाटलाने एका सकाळी वर्दी आणली. तिशीतला एक शेतकरी सहा दिवसांच्या दुखण्यानंतर ओकाऱ्या होऊन मेला आणि त्याच्या भावाचं म्हणणं होतं की वहिनीने विष घातलं. मी दोन शिपाई घेऊन गेलो. घर खाऊनपिऊन बरं होतं, अंगणात भाताचे भारे येऊन पडलेले. म्हातारा सासरा ओटीवर सुन्न बसला होता. सासू मात्र बोलत होती. तिने सांगितलं, ताप आला, कंपाउंडरकडून बारा पुड्या आणल्या, सकाळ-संध्याकाळ दिल्या. दोन दिवसांत ताप उतरला. तिसऱ्या दिवशी पोरगा कंबर धरून ओरडायला लागला. लघवी तांबडी झाली, मग थेंब थेंब, मग बंदच. पुढे ओकाऱ्या, भ्रम, आणि सगळं संपलं. ती म्हणाली, आम्ही काही कमी केलं नाही, तापकऱ्याचं सगळं पथ्य पाळलं, डोळ्यांत तेल घालून राखण केली.

भावाने माझ्या हातात दोन पुड्या ठेवल्या. जाड तपकिरी कागद, आत पांढरी बारीक पूड. वहिनीच्या लुगड्यांच्या बोचक्यात सापडल्या म्हणाला. औषधाच्या बाराही पुड्या तर दिल्या होत्या, मग या कसल्या? प्रश्न रास्त होता. मी पंचनामा केला, पुड्या जप्त केल्या, प्रेत तपासणीसाठी शहापूरला पाठवलं आणि त्या बाईला ताब्यात घेतलं.

पंचविशीची असेल. रडत नव्हती. ठाण्यात आणून दप्तराच्या खोलीत बसवल्यावर मी जबाब घ्यायला बसलो. नाव, गाव, माहेर विचारलं. माहेर मुरबाडच्या बाजूचं होतं. पुड्या कुठून आल्या विचारलं तर गप्प. नवऱ्याशी भांडण होतं का विचारलं तर मान हलवून नाही म्हणाली. मी आवाज चढवला. तेव्हा खाली बघत ती म्हणाली, "माज्यापायी गेले ते. मीच मारलं." आणखी एवढंच सांगितलं की ते सारखं पाणी मागत होते आणि सासूने देऊ नको म्हटलं होतं. मी जबाबात लिहिलं ते आजही माझ्या डोळ्यांपुढे आहे: नवरा वारंवार पाणी मागत होता, सासूच्या सांगण्यावरून पाणी दिले नाही, माझ्यामुळे मेला असे सांगते. पाण्याची ती ओळ मीच लिहिली, माझ्या हाताने, आणि पुढे गेलो. हिचं मन किती कठोर आहे याचा पुरावा म्हणून मी ती वाचली. हो, असा मी हुशार फौजदार होतो.

दुसऱ्या दिवशी मी कंपाउंडरला बोलावलं. तो आला, मी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. बाई आतल्या खोलीत फरशीवर बसली होती. त्याने पुड्या उजेडात धरून पाहिल्या, बोटाने कागद चाचपला आणि शांतपणे सांगितलं की या आपल्या नव्हेत. आपण फक्त कोयनेल देतो, ते कडू असतं, आणि ही पूड काय आहे देव जाणे. मग आतल्या खोलीकडे नजर टाकून हळहळला. तिचा नवरा किती भला माणूस होता वगैरे बोलला. मी त्याचा जबाब लिहून घेतला, त्याने खाली इंग्रजीत झोकदार सही केली. माझी खात्री पटली. एक पुडी लाखेने बंद करून मुंबईला पृथक्करणासाठी रवाना केली, दुसरी ठाण्यात ठेवली, पण तिकडून उत्तर यायला महिना तरी जाणार होता. तोवर थांबायची गरज काय? बाई कबूल होतीच. मंगळवारी मॅजिस्ट्रेटपुढे उभी करून रीतसर कबुलीजबाब नोंदवून घ्यायचा असं मी ठरवलं. तसं झालं असतं तर ती फासावर गेली असती. निदान जन्मठेपेवर.

रविवारी जमादाराची बायको माझ्या टेबलाशी आली. आम्ही तिला काकू म्हणत असू. ठाण्यातल्या कामात ती कधी तोंड घालत नसे, पण त्या दिवशी तिने घातलं. म्हणाली, "साहेब, त्या पुडीची घडी मी पाहिलीये. अंगाऱ्याच्या पुडीसारखी. टोक आत खोचलेलं. आपल्याकडे ती हात सोललेली बाई आली होती ना, ती अशी घडी घालते. पडवीत मला करून दाखवली होती."

हात सोललेली बाई. मला आठवली आणि लाजही वाटली. गावाच्या कडेच्या वस्तीत राहणारी एक मजूर बाई पंधरा दिवसांपूर्वी तक्रार घेऊन आली होती. कंपाउंडरच्या घरी पुड्या बांधायचं काम करते, हातांना आणि गळ्याला पुरळ उठलंय, उन्हात गेलं की आग होते, आणि आता त्याने कामावरून काढलं. यात पोलिसांनी काय करायचं, म्हणून मी तिला पडवीतूनच परत पाठवलं होतं. दखलपात्र गुन्हा नाही, असं चांगलं जड वाक्यही तिच्या तोंडावर फेकलं होतं.

मी शिपाई पाठवून तिला बोलावून घेतलं. येताना ती बिचकत होती, पण कंपाउंडरकडे बांधायचीस तशी एक कोरी पुडी बांधून दाखव म्हटल्यावर तिने कागद घेतला आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत टोक आत खोचून माझ्यापुढे ठेवली. लहानपणी देवळात गुरवाच्या हाताखाली अंगाऱ्याच्या पुड्या बांधल्या, तीच सवय, असं तिने सांगितलं. घडी हुबेहूब तीच होती. मग ती बोलत गेली. परसातल्या खोलीत मोठा पत्र्याचा ड्रम आहे. त्यातली पांढरी पूड बुटाच्या पॉलिशच्या डबीच्या झाकणाने मापून कागदावर टाकायची. पूड उडायची, शिंकांनी जीव नकोसा व्हायचा. दोन बायका आधीच पुरळ उठून काम सोडून गेल्या होत्या.

मी विचारलं, तो स्वतः हात लावायचा का? ती म्हणाली, "लावायचा तर. पर आंदी नाकाला रुमाल बांदायचा, मंग झाकन उगडायचा. आमाला रुमाल नाय. मी पदर लावला तर बोलला, काम कर, नखरं नको."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याला माहीत नसतं तो नाकाला रुमाल बांधत नाही.

सोमवारी सकाळी दोन पंच घेऊन मी त्याच्या घराची झडती घेतली. परसातल्या खोलीत तांदळाच्या पोत्याला टेकून ड्रम उभा होता, झाकण अर्धं उघडं. पूड पोत्यावर उडालेली, जमिनीवर पसरलेली, भिंतीलगत ओलीने गोळे झालेले. वजनकाटा नव्हता, ती पॉलिशची डबी होती. ड्रमवरचा छापील कागद खरवडून काढला होता, त्याच्या कडा मात्र चिकटून राहिल्या होत्या. लष्कराच्या मालावर असतो तसला रंग. आग्रा रोडने लढाईच्या काळात लष्करी लॉऱ्या रात्रंदिवस धावत असत, त्यातल्याच एका लॉरीवरून हा ड्रम उतरला होता हे पुढे सिद्ध झालं. त्याच्या टेबलाच्या खणात मला एक कागद सापडला. ड्रमच्या आतला, इंग्रजी, चार घड्या घातलेला. दोन ठिकाणी पेन्सिलीने रेघ ओढलेली.

माझं इंग्रजी सरकारी कामापुरतं, पण एवढं कळायला पुरेसं होतं. वजन करूनच द्यावे. पूड श्वासात जाऊ देऊ नये, अंगावर उडू देऊ नये. कोरड्या जागी बंद ठेवावी. आणि जिथे पेन्सिलीची रेघ होती तिथे: औषध चालू असताना रोग्यास भरपूर पाणी पाजावे. लघवी कमी झाली किंवा तांबडी झाली तर औषध ताबडतोब बंद करावे.

मी तडक दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हातारे होते, तापाच्या साथीने थकलेले. कागद वाचून त्यांनी तो टेबलावर आपटला आणि प्रेताच्या तपासणीचं आपलं टिपण काढलं. मूत्रपिंडात रेतीसारखे बारीक कण, असं त्यांनी लिहिलं होतं. हे कशाचे ते त्यांना उमगलं नव्हतं, कारण ही पूड दिल्याचं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. ते म्हणाले, "ही सल्फा. लढाईत हिने हजारो जीव वाचवले. औषध फार मोठं आहे. पण पाण्यात जेमतेम विरघळते. अंगात पाणी कमी पडलं की मूत्रपिंडात तिची रेती बसते, आणि लघवी बंद. आपल्याकडे तापाला पाणी देतात का कोणी?"

देत नाहीत. मलाही माझ्या आईने कधी दिलं नव्हतं. ताप आला की तांब्या लपवायचा, ओठ ओले करण्यापुरतं कोमट पाणी चमच्याने द्यायचं आणि रोगी कितीही विनवू दे, मन घट्ट करायचं. याला पथ्य म्हणतात. जितकं प्रेम जास्त तितकं पथ्य कडक.

त्याच दुपारी कंपाउंडरला ठाण्यात आणलं. आता खुर्ची नव्हती. घडी दाखवली, ड्रम दाखवला, त्या मजूर बाईला समोर उभं केलं. तेव्हा पुड्या आपल्याच असल्याचं त्याने मान्य केलं, पण बधला नाही. माझी पूड वाईट नाही, म्हणाला. टोकावड्याजवळच्या वाडीत ज्याला त्याच आठवड्यात याच पुड्या दिल्या तो चांगला चालता-फिरता आहे, जाऊन बघा. पूड विष असती तर तोही मेला असता. म्हणजे त्या घरात बाईनेच काहीतरी घातलं.

बोलण्यात तथ्य दिसत होतं म्हणून मी मुरबाडच्या फौजदारांना कळवून मंगळवारी पहाटेच टोकावड्याची वाट धरली. मॅजिस्ट्रेटला तारीख पुढे ढकलण्याचा अर्ज जमादाराबरोबर दिला. वाडी गावाबाहेर, सात-आठ झोपड्यांची. स्वतःची जमीन कोणाचीच नाही, सगळी माणसं दुसऱ्यांच्या भाताच्या कापणीला जाणारी. तो माणूस खरोखरच दारात बसून विळ्याला धार लावत होता. पुड्या किती घेतल्या? सगळ्या, बारा. कंबर दुखली? नाही. लघवी? त्याला हसू आलं. म्हणाला, नुसता तोच धंदा होता.

त्याची बायको आत चुलीशी होती. मी विचारलं, तापात याला पाणी देत होतीस का? तिला वाटलं मी दोष द्यायला आलोय. शेवटी दाराआडून, फार ओशाळून तिने सांगितलं, "काय करनार सायेब. आमी समदी कापनीला. घरात बघाला कोन नाय. मंग दोन मडकी भरून उशाशी ठेवली. तहान लागल तवा पी म्हनलं. बाजूच्या बाया लय बोलल्या मला."

जिथे राखायला माणूस होतं तिथला रोगी मेला. जिथे कोणी नव्हतं तिथला विळ्याला धार लावत बसला होता. मी त्या झोपडीपुढे उभा राहून मनात किती शिव्या दिल्या असतील त्याला हिशेब नाही, आणि त्यातल्या बऱ्याच मला स्वतःला होत्या. माझ्याच जबाबातली ती ओळ आता मला दिसत होती.

परत आल्या आल्या मी दप्तराच्या खोलीत गेलो. काकू बाजूला बसली होती. मी फरशीवर बसलो. फौजदाराने आरोपीपुढे फरशीवर बसणं नियमात नाही, पण नियमांनी मला तोवर काही दाखवलं नव्हतं. मी विचारलं, "बाई, तू त्याला पाणी दिलंस का?"

तिचा चेहरा पडला. इतके दिवस न रडलेली बाई आता रडायला लागली. थोड्या वेळाने तिने सांगितलं, "दिलं. चोरून दिलं. सासू बोलली व्हती, तापाला पानी देव नको, मरंल. पर ते लय मांगत व्हते. लघवी तांबडी झाली तवा मला भ्या वाटलं. सासू गोठ्यात गेली तवा तांब्याभर पाजलं. आनि माज्या हाती आल्या त्या दोन पुड्या दिल्याच नाय, दिल्या म्हनून बोचक्यात टाकल्या. मंग ते गेलेच. माज्या पान्यानं गेले."

हा तिचा गुन्हा. यासाठी ती फासावर चढायला तयार झाली होती. तिला वाचता येत नव्हतं, कागद तिने पाहिलाही नव्हता, आणि कागदावर रेघ ओढलेल्या दोन्ही गोष्टी त्या घरात फक्त तिने केल्या. पाणी दिलं. लघवी बिघडल्यावर पुडी थांबवली. ज्या दोन गोष्टींनी तिचा नवरा वाचू शकला असता त्याच दोन गोष्टींवरून मी तिला खुनी ठरवत होतो, आणि रेघ ओढणाऱ्याला चहा पाजत होतो.

मी बाहेर आलो आणि कोठडीतून कंपाउंडरला काढायला सांगितलं. कागद त्याच्यापुढे धरला. "ही रेघ तुझी ना?" तुम्हीवरून तूवर कधी आलो ते मलाच कळलं नाही. तो म्हणाला, हो. मग पाण्याचं एकालाही का सांगितलं नाहीस? त्याने जे सांगितलं ते मी त्याच्याच शब्दांत लिहून घेतलं. "साहेब, तापाला भरपूर पाणी द्या असं मी सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी माझ्या दारात कोण आलं असतं? म्हणाले असते, याला एवढंही कळत नाही. लोकांच्या मनाविरुद्ध बोललं की लोक सोडून जातात."

ती मजूर बाई पडवीतच होती. तिला कोणी विचारलं नव्हतं, पण तिने ऐकलं आणि मध्येच बोलली. "यांची बायको तापली व्हती श्रावनात, हीच पूड चालू व्हती. तवा मीच हिरीचं पानी भरून देत व्हते. घागर-घागर. हे सोता पाजीत व्हते."

कंपाउंडरने मान खाली घातली. माझा हात उठला होता, खोटं कशाला सांगू. जमादाराने खाकरून माझ्याकडे पाहिलं आणि मी तो खाली घेतला. बायकोला घागरभर पाणी, आणि डोंगरातल्या माणसाला पुडी आणि गोड बोलणं. मूर्खपणा मी समजू शकतो, नोकरीत रोज तोच तर पाहायचा असतो. पण माहीत असून, अधोरेखित करून, स्वतःच्या घरात वापरून दुसऱ्याला न सांगणं, याला काय म्हणायचं ते मला आजवर सापडलेलं नाही.

कायद्यालाही ते सापडलं नाही. चोरीचा सरकारी माल बाळगल्याबद्दल त्याला शिक्षा झाली. मृत्यूबद्दलचा आरोप मात्र टिकला नाही. त्याच्या वकिलाने विचारलं, पाणी द्या असं न सांगणं हा गुन्हा कोणत्या कलमात बसतो? आणि पाणी बंद केलं ते घरच्यांनी, आरोपीने नव्हे. न्यायाधीशांनी संशयाचा फायदा दिला. सुटून आल्यावर तो दुसऱ्या तालुक्यात जाऊन बसला असं ऐकलं. त्याला ओळखणारा मी एकटा नव्हतो, पण मूग गिळून बसलेले फार होते. एकाला विचारलं तर म्हणाला, पुडीने गुण यायचा हो.

खटल्याच्या आधीच पृथक्करणाचा अहवाल आला होता: विषारी द्रव्य आढळले नाही. बाईला सोडण्याचा हुकूम झाला. सासरहून कोणी आलं नाही. तिचा भाऊ आला, पायरीशी उभा राहिला. जायच्या आधी तिला सगळं सांगणं माझं कर्तव्य होतं, आणि या बाबतीत तरी मी ते टाळलं नाही. सांगितलं, तुझ्या पाण्याने तो गेला नाही. त्या औषधाला पाणीच लागतं. कागदावर तसं छापलेलं होतं. कंपाउंडरला ते ठाऊक होतं.

तिने लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, "मंग मी आजून दिलं असतं तर?"

डॉक्टरांनी मला सांगितलं होतं तेच मी तिला सांगितलं. लवकर दिलं असतं आणि पुष्कळ दिलं असतं तर बहुतेक वाचला असता. दुसरं काही सांगता आलं असतं, जमादाराने नंतर मला तसं म्हटलंही. पण त्या बाईपासून एक गोष्ट लपवली म्हणून हे सगळं घडलं होतं. आणखी एक मला लपवायची नव्हती.

ती रडली नाही. मग साध्या आवाजात, माझ्याकडे बघून म्हणाली, "मंग सांगाला काय झालं व्हतं?"

नोकरीभर मी लोकांना प्रश्न विचारले. हा मला विचारलेला प्रश्न आहे. तिच्या भावाने तिचं बोचकं उचललं आणि दोघं मुरबाडच्या रस्त्याला लागली.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? आरोपी मीच मारलं म्हणाला की कशाने मारलंस हे विचारावं, एवढं साधं. आणि खुर्चीवर बसलेल्याचा जबाब फरशीवर बसलेल्याच्या जबाबाइतकाच संशयाने वाचावा. त्यानंतर ज्या ज्या गावात तपासाला गेलो तिथे तापकरी दिसला की पाण्याचं सांगत आलो. काही ऐकत, बरेचसे माझ्याकडे वेड्यासारखे बघत. बघोत.

आता म्हातारपणी मलाच औषधं लागतात. दुकानात गोळ्या हातात पडल्या की मी हलत नाही. विचारतो, ही कशी घ्यायची, हिच्याबरोबर काय करायचं, काय झालं की थांबवायची. दुकानदार पोरगेला आहे, वैतागतो. परवा म्हणाला, आजोबा, आत कागद आहे, त्यावर सगळं लिहिलंय.

मी म्हटलं, लिहिलंय ते मला दिसतंय. तू तोंडाने सांग.